नळ घेण्याआधी मजला सांगा

ताथवड्यातल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात सिंकचा नळ बघायला कुणी आलं की मी आधी विचारतो, "ताई, राहायला कितव्या मजल्यावर?" त्यांना वाटतं, माल घरपोच द्यायचाय म्हणून विचारतोय. खरं तर शिंतोडे किती उडत असतील, याचा बराचसा अंदाज मला मजल्यावरूनच येतो.

ताथवडे 2009 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्यानंतर इथं शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. टॉवरची पाण्याची टाकी गच्चीवर असते, आणि पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर वाढतं. वीस मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते पाच किलोच्या पुढे जाऊ शकतं. म्हणून शाफ्टमध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवतात. तो बिघडला असेल तर कितीही महागडा नळ लावा, ओटा भिजणारच. अशा घरासाठी मी नळ विकत नाही. सोसायटीच्या कमिटीला पीआरव्ही तपासायला सांगा, तोवर सिंकखाली अँगल कॉक असेल तर तो थोडा आवळून ठेवा, असं सांगून परत पाठवतो.

प्रेशर ठीक असेल तर प्रश्न उरतो उंचीचा. हल्ली सगळ्यांना उंच, बाकदार नळ हवा असतो. त्याखाली कुकर, मोठं पातेलं आरामात मावतं, हे खरंच. पण साध्या नळाची बारीक धार एकदा नीट बघा. तोंडाशी ती काचेसारखी नितळ असते, खाली जाता जाता थरथरू लागते आणि मग तिचे थेंब होतात. ती अशी का तुटते, याचं गणित लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं 1878 साली मांडलं. अखंड धार सिंकमध्ये पडून गुपचूप पसरते. थेंब मात्र एकेक आपटतात आणि उडतात. म्हणून घरातलं सर्वांत उंच भांडं मोजा, वर चार बोटं जागा धरा आणि तेवढ्याच उंचीचा नळ घ्या. त्याची मानही पाहा. धार कपलिंगच्या, म्हणजे सिंकमधलं पाणी जाण्याच्या भोकाच्या, आसपास पडायला हवी. सिंकच्या पुढच्या कडेजवळ पडली तर भांडी घासणाऱ्याचं पोट भिजतं.

आता एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाशी असलेली ती छोटी जाळी. ती पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार पांढरी, मऊ होते आणि पाणीही कमी लागतं. मार्च 2024 मध्ये टंचाईच्या काळात बेंगळुरूत मॉल, हॉटेलं, अपार्टमेंट अशा ठिकाणी एरेटर सक्तीचे केले होते. आपल्याकडे नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येऊ लागलं, आणि पुष्कळ सोसायट्यांना टँकर, बोअर यांचा आधार घ्यावा लागतो. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार जाळीत बसतात. अर्धी भोकं बुजली की धार तिरकी फुटते, आणि गिऱ्हाईक नवा नळ मागायला येतं. त्यांना मी जाळीच काढायला लावतो. अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवायची, जुन्या टूथब्रशनं घासायची, धुऊन परत बसवायची.

ती अगदीच गेली असेल तर नवी घ्या, पण येताना जुनी सोबत आणा. आटे जाळीच्या बाहेरच्या बाजूला असतील तर माप बहुधा 24 मिलिमीटर, आतल्या बाजूला असतील तर 22. आणि रबरी वॉशर घरीच नळात चिकटून राहिलाय का, तेवढं बघा.