शेजारी बिल्डिंग येतेय, गावाला विचारणार कोण?

हा भाग दिवा-रोहा मेमूत बसून ऐकत किंवा वाचत असाल, तर आपटा, जिते मागे पडलं की खिडकीबाहेर बघा. हमरापूर येतं. पेणसारखंच गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखलं जाणारं आमचं गाव. आज बोलायचंय ते इथे आमच्याच घरात चाललेल्या एका भांडणाबद्दल. तुमच्या गावातही ते उद्या येणार आहे, म्हणून नीट ऐका.

काकांचं कौलारू घर, पुढे अंगण, बाजूला मूर्तींचा कारखाना. कुंपणापलीकडे चुलतभावाची, म्हणजे आमच्या दादाची, दहा गुंठे जागा. दादा म्हणतो, बिल्डरबरोबर फ्लॅटची स्कीम करू. काका म्हणतात, मी असेपर्यंत नाही.

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे.

दादाच्या सातबाऱ्यावर सहा नावं आहेत, त्यात बहिणीही आल्या. जागेचे सहा तुकडे केले तर कुणालाच धड घर बांधता येणार नाही. फ्लॅट झाले तर प्रत्येकाच्या हातात काहीतरी पडेल. त्यात जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. इकडे जागा शोधणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत.

काकांची भीती वेगळी. त्यांचं घर म्हणजे नुसतं राहायचं ठिकाण नाही, पोट भरायची जागाही तीच. मूर्ती सुकवायला ऊन लागतं, माल न्यायला टेम्पो थेट दारात यावा लागतो. घासकामाची धूळ उडते, रंगाचा वास येतो. आज शेजारीही कारखानेवालेच, म्हणून कुणी बोलत नाही. उद्या वरच्या मजल्यावरचा नवा रहिवासी तक्रार करणार. आणि पाऊस? बिल्डर भराव टाकून जोतं उंच घेतो, मग त्याच्या जागेतलं पाणी कुठे जाणार? काकांच्या पडवीत!

परवा काका चिडून म्हणाले, "अरे, आम्ही सेझ परतवला, ही बिल्डिंग काय चीज आहे!"

सेझ आणि बिल्डिंग यांत फरक काय?

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. तो प्रकल्पाच्या विरोधात गेला आणि पुढे सेझ इथे उभा राहिलाच नाही.

पण तिथे सरकार सगळ्यांची जमीन संपादित करणार होतं. त्यामुळे सगळे मिळून 'नाही' म्हणू शकले. बिल्डिंगचं तसं नसतं. जमीन एका घराची आणि ते घर राजीखुशीने देतंय. त्यावर मतदान होत नाही. गावाने नुसतं "आम्हाला नको" म्हटल्याने नियमात बसणारी परवानगी थांबत नाही.

मग गावाचं म्हणणं ऐकलं जातं कुठे? फार आधी. नकाशा तयार होताना.

नकाशा म्हणजे नेमकं काय?

कुठल्या जमिनीवर घरं आणि कुठे शेती, हे प्रादेशिक योजना किंवा विकास आराखडा ठरवतो. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. तेव्हा आपण सगळे रील्स बघत असतो, आणि जेसीबी आला की जागे होतो. २०२४ मध्ये सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नवनगरासाठी एमएमआरडीएला नेमायचं ठरवलं, तेव्हा शेतकऱ्यांनी हजारो हरकती दिल्या. वेळ साधणं म्हणतात ते हे.

दुसरी गोष्ट २०० मीटरची. २०१७ साली जमीन महसूल संहितेत कलम ४२ ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य दाखवलेली असेल, तर निवासी वापरासाठी ती बिगरशेती झाली असं मानलं जाऊ लागलं. कर आणि शुल्क भरावं लागलं, तरी एनएची जुनी लांबलचक फेरी वाचू लागली. म्हणूनच बिल्डिंग बहुतेक वेळा जुन्या घरांना खेटून येते.

तिसरी गोष्ट एफएसआय. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एफएसआय १ धरला तर दादाच्या दहा गुंठ्यांवर १०,८९० चौरस फूट बांधकाम बसतं. रस्ता जितका रुंद, तितका जादा एफएसआय मिळायला वाव. त्यामुळे बिल्डर "सात मजले" म्हणाला की आधी रस्ता मोजा. आणि बिल्डिंग उंच झाली की चहूबाजूंनी सोडायची मोकळी जागाही वाढते.

मोबाईलवर काय बघाल?

सातबारा महाभूलेखवर दिसतो. जागा कुठल्या झोनमध्ये आहे, त्याचा दाखला नगररचना कार्यालयातून मिळतो. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्प महारेरात नोंदवावाच लागतो. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे फ्लॅट आठच्या वर गेले की दादाची स्कीम त्यात येते. महारेराच्या साईटवर प्रकल्पाची कागदपत्रं कुणालाही बघता येतात. ग्रामसभेत पाणी, गटार आणि रस्ता या तीन मुद्द्यांवर ठराव घ्या आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवून पोच घ्या. "बिल्डिंग नको" एवढंच लिहिलेला कागद बाजूला पडतो. "सांडपाणी कुठे सोडणार ते दाखवा" याला उत्तर द्यावं लागतं.

आमच्या घरचं भांडण मिटलं का? नाही. पण गेल्या रविवारी काका आणि दादा एकाच ओटीवर बसले. काकांनी वहीच्या पानावर चार अटी लिहिल्या : जोतं किती उंच, पावसाचं पाणी कुठल्या बाजूने, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आणि गणपतीच्या आधी टेम्पोला वाट कुठून. दादा म्हणाला, या अटी बिल्डरच्या करारनाम्यात आल्या तरच सही करीन.

काकांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, "आधी करारनामा दाखव."

तुमच्या शेजारी काय उभं राहतंय? व्हॉईस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!