विहिरीच्या तळाखालचं जग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

केरळमधल्या गावांत विहीर उपसताना किंवा नळ सोडल्यावर कधी कधी करंगळीएवढाही नसलेला, रक्तासारखा लाल मासा बादलीत येतो. त्याला डोळे नसतात. त्याचं खरं घर विहीर नव्हे, तर तिला झरे पुरवणाऱ्या जांभ्या दगडातल्या पोकळ्या. या जगाबद्दलचे काही समज तपासायला हवेत.

गैरसमज: भूजल म्हणजे जमिनीत साठलेलं निर्जीव पाणी.
वस्तुस्थिती: तिथे जिवाणू, बारीक कवचधारी प्राणी आणि मासेही राहतात. होराग्लानिस कृष्णाई या आंधळ्या माशाची शास्त्रीय नोंद 1950 मध्ये, कोट्टायमच्या विहिरींतून झाली. 2018 च्या महापुरानंतर मलप्पुरममधल्या भातशेतात मरळीच्या दूरच्या नात्यातला, एरवी भूजलात राहणारा एक लांबट मासा सापडला. 2019 मध्ये त्याला एनिग्माचाना गोलम हे नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी स्वतंत्र कुळ मानावं लागलं. त्याची वंशशाखा मरळींपासून 10 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

गैरसमज: विहिरीत असा जीव दिसला म्हणजे पाणी नासलं.
वस्तुस्थिती: हे जीव घाणीतून उपजत नाहीत. उलट, भूजलातले जिवाणू पाण्याबरोबर झिरपलेले सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि बारीक प्राणी त्या जिवाणूंचे थर खातात. पाणी स्वच्छ राहायला या साखळीचा हातभार लागतो. अर्थात, मासा दिसला म्हणून पाणी पिण्यायोग्य ठरत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते.

गैरसमज: इतक्या खोल, अंधारात राहणाऱ्यांना आपला काय त्रास?
वस्तुस्थिती: वर जे होतं ते सगळं खाली झिरपतं. शौचखड्ड्यांचं पाणी, शेतातली खतं-कीटकनाशकं त्याच वाटेनं जातात. बोअरवेलच्या बेसुमार उपशानं पोकळ्या कोरड्या पडतात आणि चिरेखाणीत तर दगडाबरोबर घरच निघून जातं. यांतल्या अनेक जाती अगदी छोट्या टापूतच आढळतात. तो टापू बिघडला की त्यांना दुसरीकडे जागा नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातही अनेक विहिरी जांभ्यातच खोदलेल्या आहेत, म्हणून ही गोष्ट आपल्याही अंगणातली आहे.

गैरसमज: अभयारण्यं आहेत आणि शास्त्रज्ञ आहेत, ते बघतील.
वस्तुस्थिती: भूजलाचे प्रवाह अभयारण्याच्या सीमा पाळत नाहीत आणि शास्त्रज्ञ प्रत्येक विहिरीत डोकावू शकत नाहीत. केरळमधले कित्येक मासे अभ्यासकांपर्यंत पोचले ते घरमालक, विहीर खोदणारे आणि शेतकरी यांच्यामुळेच. 2023 मध्ये नोंदलेल्या एका आंधळ्या माशाचं नाव होराग्लानिस पॉप्युलाय असं ठेवलं गेलं, ते लोकांच्या याच मदतीच्या सन्मानार्थ.

म्हणून राखण आपल्या विहिरीपासूनच सुरू व्हायला हवी. शौचखड्डा विहिरीपासून दूर बांधावा आणि जुनी विहीर कचऱ्यानं भरू नये. पिण्याचं पाणी निर्जंतुक करावंच, पण शक्य असेल तिथे टीसीएल पावडर विहिरीऐवजी साठवणटाकीत वापरावी. पाण्यात अनोळखी जीव आला तर मारू नये. फोटो काढून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवावं. जे पाणी आपण पितो तेच त्यांचं घर आहे, आणि ते नितळ राहण्यात दोघांचंही हित आहे.