कपाटातली कसर: पतंग मारून काही होत नाही



आजचा विषय कपाटातल्या कसरीचा. थंडीची चाहूल लागली की मला दरवर्षी ओळखीच्यांचे फोन येतात. कधी इंदूरहून, कधी बडोद्याहून, कधी दिल्लीहून. ट्रंक उघडली, स्वेटर बाहेर काढला, आणि बघतो तर छातीवर मधोमध भोक. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "अहो, इतकं सांभाळून ठेवलं होतं, आठ महिने हातसुद्धा लावला नाही!"

मंडळी, उत्तर त्या वाक्यातच आहे. आठ महिने हात लावला नाही, म्हणूनच कसर लागली.

उत्तर हिंदुस्थानात होळी झाली की लोकरीचे कपडे आत जातात आणि दिवाळीच्या आसपास बाहेर येतात. मधला सगळा काळ उकाड्याचा आणि पावसाळ्याचा. अंधार, ऊब, दमटपणा आणि शांतता. कसरीला याच चार गोष्टी लागतात, आणि आपण त्या तिला कुलूप लावून पुरवतो.

आधी ओळख

कपड्याची कसर म्हणजे एका छोट्या पतंगाची अळी. पतंग फिकट सोनेरी किंवा करडा असतो, लांबी जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर. तो उजेड टाळतो. ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे पतंग बहुतेक वेळा बाहेरून आलेले किंवा धान्याच्या डब्यातले असतात. कपड्याचा पतंग कपाट उघडताच घडीत पळतो.

आता महत्त्वाची गोष्ट. हा पतंग तुमचा कपडा खात नाही. त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. तो काही दिवस जगतो, जोडी जमवतो आणि मरतो. मादी साधारण ४० ते ५० अंडी घालते, ती धाग्यांत अडकून बसतात. उन्हाळ्यात आठवड्या-दीड आठवड्यात त्यांतून अळ्या निघतात. खाणारी ती अळी. पांढुरकी, डोकं तपकिरी, पूर्ण वाढली तरी सुमारे एक सेंटिमीटर. पोषण चांगलं मिळालं तर दीड-दोन महिन्यांत मोठी होते, नाही मिळालं तर दोन वर्षंसुद्धा तग धरते. म्हणून उडणारा पतंग चपलेनं मारला की काम झालं असं समजू नका. तो दिसला याचा अर्थ खाणारी मंडळी आधीच आत आहेत, किंवा येणार आहेत.

ती खाते काय? लोकर, केस, पिसं, फर, म्हणजे प्राण्याच्या अंगावरचं जे काही असेल ते. रेशीमही खाते. चांगथांगच्या शेळीची पश्मिना तिला मेजवानीच. शुद्ध सुती कपडा तिच्या कामाचा नाही, पण त्यावर घाम किंवा वरणाचा डाग असेल तर तोही कुरतडते. घामाचं कारण समजून घ्या. नुसत्या स्वच्छ लोकरीवर अळी नीट वाढत नाही. तिला क्षार आणि जीवनसत्त्वं लागतात, आणि ती घामातून, तेलकटपणातून, सांडलेल्या अन्नातून मिळतात. "एकदाच तर घातला होता" म्हणून न धुता ठेवलेला कोट म्हणजे तिच्यासाठी वाढलेलं ताट.

बाथरूमच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी हळूहळू सरकताना पाहिली असेल. तीही याच कुळातली. आत अळी असते, दोन्ही टोकांनी डोकं बाहेर काढते. जुनी कोळिष्टकं, केस आणि संधी मिळाली तर लोकर खाते. ती दिसली तर घाबरू नका, पण कपाट तपासा.

आणखी दोन जणांवर चुकून कसरीचा आळ येतो. चंदेरी, सळसळणारा किडा स्टार्च केलेला सुती कपडा आणि कागद खातो. बारीक केसाळ, पट्टेदार अळी असेल तर ती गालिच्याच्या भुंगेऱ्याची. तीही लोकरच खाते, पण जाळं विणत नाही. कपड्यावर रेशमी जाळीचे ठिपके, बारीक नळ्या, वाळूसारखे दाणे दिसले तर ती कसर.

डांबरगोळीचं खरं काम

आता तुम्ही म्हणाल, आम्ही डांबरगोळ्या टाकतो. टाकता, पण कशा? गोळी वितळत नाही, थेट वाफ होते. ती वाफ बंद जागेत दाट साठली तरच अळी मरते. लाकडी कपाटाच्या फटींतून ती निघून जाते. खोलीत गोळीचा वास येतो याचा अर्थ औषध कपाटात नाही, तुमच्या नाकात चाललंय.

आणि इथे मला जरा कडक बोलायचं आहे. घरात तान्हं बाळ असेल तर त्याची दुपटी, टोपडी, स्वेटर डांबरगोळ्यांसोबत कधीही ठेवू नका. काही मुलांमध्ये जन्मतःच जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळीची वाफ लागलेले कपडे घातले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. नवजात बाळाच्या बाबतीत ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक आईवडिलांना माहीतच नसतं. आजीनं जपून ठेवलेली शाल बाळाभोवती गुंडाळायची असेल तर आधी धुवा, चांगली उन्हात घाला, वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. रांगणारं मूल असेल तर गोळ्या घरातच नकोत, ते पेपरमिंट समजून तोंडात घालतं. कापराचीही तीच गोष्ट, तो पोटात गेला तर मुलांना झटके येतात. कापूर आणि डांबरगोळी एकत्र ठेवली तर दोन्ही पाझरून कपड्यावर डाग पडतात, ते वेगळंच.

कडुलिंब, लवंग, देवदाराचा तुकडा यांनी नुकसान नाही. पण अळी आत शिरलेली असताना त्यांच्या भरवशावर राहू नका. कडुलिंबाच्या पाल्याखाली आरामात बसलेल्या अळ्या मी पाहिल्या आहेत.

एका रविवारचं काम

फौजेत ३३ वर्षं काढली. स्टोअरमधली ब्लँकेटं ठरलेल्या दिवशी बाहेर यायची, झटकली जायची, उन्हात पडायची, मोजून परत जायची. त्यात कुणाची हुशारी नव्हती, नेम होता. घरीही तेच करायचं आहे.

पहिलं, कपाट पूर्ण रिकामं करा. अर्धं नव्हे. गच्चीवर किंवा गॅलरीत पांढरी चादर अंथरा आणि कपडे तिच्यावर झटका. काय पडतं ते पांढऱ्यावर दिसतं.

दुसरं, ब्रश. कॉलरची खालची बाजू, खिशांच्या पट्ट्या, शिवणी, पँटच्या दुमडी. अंडी सैल चिकटलेली असतात, जोरात ब्रश मारला की बरीचशी गळतात. दिवसभर ऊन दाखवा. उजेडाला अळी बाहेर पडते. रेशीम आणि जरी मात्र सावलीत, वाऱ्यावर. पैठणीची घडी मोडून नव्या रेषेवर घाला, नाहीतर जुन्या घडीवरच रेशीम फाटतं.

तिसरं, जे धुता येईल ते धुवा, जे येत नाही ते ड्रायक्लीन करा. ड्रायक्लीनिंगमध्ये अंड्यांसकट सगळं मरतं.

चौथं, रिकामं कपाट. खणांत घातलेले जुने वर्तमानपत्राचे कागद फेका. व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी प्रत्येक फटीत, स्क्रूच्या भोकात, ड्रॉवरच्या मागे फिरवा. व्हॅक्यूमची पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करा. कपाटाखालचे केस आणि धूळ काढा.

पाचवं, घरातली बाकीची ठाणी. पलंगाखालच्या गालिच्याची कड, पेटी वाजवत असाल तर तिच्या आतली बनात, आणि खिडकीच्या छज्जावरचं कबुतरांचं रिकामं घरटं. पिसांच्या घरट्यातून कसर घरात येते, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

सहावं, पूर्ण कोरडे कपडे घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात. 'कोरडे' हा शब्द अधोरेखित करा, दमट कपडा बंद केला तर कसर नाही, बुरशी लागेल.

फ्रीझरचा उपाय

धुता येत नाही, ड्रायक्लीनला द्यायचं नाही, अशा कपड्यासाठी थंडी. कपडा पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा चालत नाही, त्याचं तापमान तितकं खाली जात नाही. वेगळ्या दाराचा फ्रीझर हवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर धरेल, कपड्यावर नाही.

माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, हाच उपाय कामी आला. त्यांचा रेजिमेंटचा ब्लेझर चार वर्षं कपाटात तसाच टांगलेला होता. कॉलरच्या मागे कसर लागली. सगळे म्हणाले, ड्रायक्लीन करा. वहिनी तयार होईनात. शेवटी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्याला अजून यांचा वास येतो. तो जाईल ना?" न धुतलेला कोट कसरीला का आवडतो हे मी मघाशी सांगितलं, आणि नेमका तोच कोट त्यांना धुवायचा नव्हता. आम्ही तो पिशवीत घातला, फ्रीझरमध्ये ठेवला, दोन आठवडे दार कमीत कमी उघडलं. एक दिवस थांबून वहिनींनी पिशवी उघडली, कॉलर नाकाशी धरली आणि मान हलवली. वास होता. जिवंत अळी एकही नव्हती. आता दर महिन्याच्या एक तारखेला त्या तो ब्लेझर बाहेर काढतात, ब्रश मारतात, परत पिशवीत ठेवतात.

नंतरची पहारेदारी

एका रविवारात सगळं संपत नाही, एखादं अंडं राहतंच. पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून बघा. कपड्यांच्या पतंगासाठीचा चिकट गंधसापळा मिळतो, तो आत ठेवा. पण त्यात फक्त नर सापडतात. तो इलाज नाही, टेहळणी आहे. त्यात पतंग दिसले की समजा, काम बाकी आहे.

वर्षाचं वेळापत्रक सोपं आहे. होळीला कपडे धुऊन, वाळवून आत. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप मिळेल त्या दिवशी, ट्रंक उघडून झटकणं. दसऱ्याला ऊन. भारी शाल, शालू जपायचा म्हणजे लपवायचा नाही. वर्षातून दोनदा तरी अंगावर घ्या. वापरातल्या कपड्याला कसर सहसा लागत नाही, कारण तो हलतो, त्याला उजेड मिळतो, कुणीतरी त्याच्याकडे बघतं.

तर येत्या रविवारी एक ट्रंक उघडा. एकच. पांढरी चादर विसरू नका.

जय हिंद.