काळा एकच, टाय दोन

जपानमधल्या बहुतेक नोकरदार पुरुषांच्या कपाटात एक काळा सूट बाजूला टांगलेला असतो. रोजच्या कामाला तो घालत नाहीत. मित्राचं लग्न ठरलं की तो बाहेर निघतो आणि मित्राचे वडील गेल्याची बातमी आली तरी तोच निघतो. कोट तोच, पँट तीच, शर्ट दोन्हीकडे पांढरा. बदलतो तो फक्त टाय. लग्नाला पांढरा किंवा चंदेरी, अंत्यविधीला काळा. आनंद आणि शोक यांच्यामधलं सगळं अंतर चार बोटं रुंदीच्या एका पट्टीवर सोपवलेलं आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्कच झालो. आपल्याकडे काळ्याला संक्रांतीपुरती मोकळीक. मंगलकार्यात काळी साडी नेसून गेलं तर आजही कुणी ना कुणी टोकतंच. आणि तिथे नवरदेवाच्या आईचा मानाचा पोशाख म्हणजे काळाभोर किमोनो!

अर्थात, सगळा फरक टायच्या रंगावर थांबत नाही. टायची गाठ आवळली की तिच्याखाली मधोमध एक छोटीशी खळी पडते. टाय बांधण्यात मुरलेली माणसं ती मुद्दाम पाडतात, कारण तिनं टायला उठाव येतो. लग्नात ती खळी शोभते. अंत्यविधीला मात्र ती बोटानं सपाट करायची, कारण त्या दिवशी नटल्यासारखं दिसायचं नाही. टायपिन नको, कोटाच्या खिशात रुमाल नको, पट्ट्याचं बक्कल चमकणारं नको, बूट काळे पण झळाळणारे नकोत. बायकांच्या पर्सवर धातूची कडी असू नये. सापाच्या किंवा मगरीच्या कातड्याच्या वस्तू आणि फर तर दोन्हीकडे टाळतात, कारण त्या पाहिल्या की जीव घेतल्याची आठवण होते.

नियमांची ही यादी खूप लांबवता येईल, आणि नुसती वाचली तर ती जाच वाटते. पण एकेका नियमाचं कारण विचारत गेलं की बहुतेक नियमांच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसू लागतो: हे पुन्हा घडावं का?

मोत्यांचं उदाहरण घ्या. अंत्यविधीला दागिने वर्ज्य, फक्त मोती चालतात, कारण ते अश्रूंसारखे दिसतात. पण सर एकपदरीच हवा. दुपदरी माळ घातली तर दुःखावर दुःख येईल, एका मरणामागून दुसरं येईल, अशी भीती. किमोनोवर कमरेला जो रुंद पट्टा बांधतात, तो ओबी, त्याचीही तीच गोष्ट. लग्नाला सोनेरी-चंदेरी कामाचा लांब ओबी घेऊन पाठीवर दुहेरी घडीची चौकोनी गाठ बांधतात, म्हणजे सुखावर सुख यावं. शोकाला आखूड काळा ओबी आणि गाठ एकेरी. लग्नात नवरा-नवरीच्या आया जो काळा किमोनो नेसतात, त्याला कुरोतोमेसोदे म्हणतात. त्याच्या गळ्याशी आणि काठाशी आतून पांढऱ्या कापडाचा आणखी एक थर शिवलेला असतो. बघणाऱ्याला वाटावं की दोन किमोनो एकावर एक नेसले आहेत. पूर्वी खरोखरच तसे नेसत, आता काठापुरता भास ठेवला आहे. शोकाच्या काळ्या किमोनोला हा थर लावत नाहीत. तिथे काहीही दुपटीनं यायला नको.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'सुख असेल तर हो, दुःख असेल तर नको' इतकं सरळ नसतं. आहेराचं पाकीट पाहा. त्यावर ताठ कागदी दोऱ्याची गाठ असते. बाळ जन्मलं तर ती फुलपाखरी बांधतात, ओढली की सुटणारी, पुन्हा बांधता येणारी, कारण असा आनंद कितीही वेळा आला तरी हवाच. लग्नाच्या पाकिटावरची गाठ मात्र न सुटणारी, कारण लग्न एकदाच व्हावं. आणि अंत्यविधीच्या पाकिटावरही तीच न सुटणारी गाठ. दोऱ्याचे रंग वेगळे, लग्नाला लाल-पांढरे किंवा सोनेरी-चंदेरी आणि शोकाला काळे-पांढरे, पण गाठीची जात एक. तो एकच काळा सूट दोन्हीकडे कसा चालतो, याची किल्ली मला या गाठीत सापडली. लग्न आणि मरण, दोन्ही आयुष्यात एकदाच यावेत असे प्रसंग. म्हणून त्यांचा पोशाख एका घरातला, आणि शुभ की अशुभ ते सांगणारी खूण तेवढी वेगळी.

पाकिटाच्या आतही हाच विचार चालू राहतो. लग्नाच्या आहेरात कोऱ्या करकरीत नोटा घालतात. त्यासाठी लोक आठवणीनं बँकेत जातात, कारण नोटा कोऱ्या असणं म्हणजे या दिवसाची मी वाट पाहत होतो असं सांगणं. अंत्यविधीच्या पाकिटात वापरलेल्या नोटा घालतात, आणि नवीच नोट हाताशी असेल तर तिला मुद्दाम एक घडी पाडतात. तुमच्या घरच्या माणसाच्या मरणाची मी तयारी करून बसलो नव्हतो, एवढं त्या घडीनं सांगायचं. पाकिटावर नाव लिहायचं तेही फिक्या शाईनं, अश्रू पडून शाई पातळ झाल्यासारखं. ही फिकी शाई भरलेले ब्रशपेन चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांत मिळतात. काळा टाय, काळे मोजे आणि पाकिटंही शेजारीच असतात.

अंत्यविधीच्या आदल्या रात्री शेजारी आणि सोबती भेटायला जातात. त्या रात्री, जुन्या रीतीनुसार, शोकाचा पूर्ण काळा पोशाख घालून जाणं असभ्यपणाचं होतं. गडद रंगाचे साधे कपडे घालून, हातातलं काम टाकून धावत आल्यासारखं जायचं. निरोप मिळाल्याबरोबर काळ्यात सजून दारात उभं राहिलं तर जणू बातमीची वाटच पाहत होतात, असा अर्थ निघेल. आता बरेच लोक त्याही रात्री काळा सूटच घालून जातात, कारण दुसऱ्या दिवशी अंत्यविधीसाठी कामावरून सुटका होत नाही. पण त्या जुन्या नियमाइतकी हळुवार गोष्ट मला पोशाखाच्या कुठल्याही नियमावलीत आढळलेली नाही. वेळेवर नीटनेटकं नसणं हाच तिथे आदर होता.

आता, हे सगळं किती जुनं? ऐकताना वाटतं की हजार वर्षांचं असावं. एक नियम खरोखरच तेवढा, किंबहुना त्याहूनही जुना आहे. इसवी सन ७१९ मध्ये जपानी दरबारानं हुकूम काढला की सर्वांनी अंगरख्याची उजवी बाजू आधी आत घ्यावी आणि डावी तिच्यावर यावी. आज तेराशे वर्षांनंतरही किमोनो तसाच नेसतात, बाई असो वा पुरुष. उलट बाजूनं तो फक्त प्रेताला नेसवतात. म्हणून हौसेनं किमोनो नेसलेल्या पाहुण्याची बाजू चुकली, तर एखादी अनोळखी आजी रस्त्यात थांबवून ती नीट करायला सांगेल.

पण काळा? तो बराच अलीकडचा. शोकाचा रंग म्हणून जपानात पिढ्यानपिढ्या पांढरा चालत आला होता. मराठी वाचकाला त्यात परकं काही वाटणार नाही. काळा आला तो पाश्चात्त्य दरबारांकडे पाहून. १८६८ मध्ये सम्राट मेइजींच्या नावानं नवं राज्य उभं राहिलं, तेव्हा जपानवर युरोप-अमेरिकेनं असमान तह लादलेले होते. बरोबरीचं राष्ट्र म्हणून ओळख मिळवायची तर जहाजं आणि कायदे जसे लागणार, तसाच कोटही लागणार, असं त्या राज्यकर्त्यांना वाटलं. या काळातलं एक छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. १८७२ च्या जानेवारीत नव्या सरकारातले मंत्री इवाकुरा तोमोमी यांचं शिष्टमंडळ सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचलं, तेव्हाचं. इवाकुरा मध्ये बसले आहेत, डोक्यावर शेंडीसारखी बांधलेली जुनी केशरचना, अंगात हाओरी-हाकामा हा पारंपरिक जपानी पोशाख आणि पायांत मात्र विलायती बूट. भोवतीचे चौघे संपूर्ण पाश्चात्त्य कपड्यांत. पुढे त्याच प्रवासात इवाकुरांनी केस कापले. त्याच वर्षी, जुन्या जपानी पंचांगातल्या अकराव्या महिन्याच्या १२ तारखेला, सरकारनं हुकूम काढून समारंभाचा अधिकृत पोशाख पाश्चात्त्य ठरवला. तो दिवस जपानमधले शिंपी आजही १२ नोव्हेंबरला साजरा करतात.

बायकांचं पाऊल त्या मानानं उशिरा पडलं. १८८७ मध्ये सम्राज्ञी हारुको यांनी स्त्रियांनी पाश्चात्त्य पोशाख घ्यावा म्हणून एक निवेदन काढलं. त्यातला युक्तिवाद फार हुशारीचा आहे. प्राचीन जपानी स्त्रिया वरचं आणि खालचं अशी दोन वेगळी वस्त्रं नेसत, एकसंध लांब किमोनो ही नंतरच्या युद्धकाळातली रीत, त्यामुळे विलायती चोळी आणि घागरा आपल्याच जुन्या पोशाखाच्या अधिक जवळ आहे, असं त्यांनी मांडलं. आणि कापड मात्र शक्यतो देशातलंच घ्या, असंही सांगितलं. परदेशातून काही घेताना ते आपलंच होतं असं पटवून द्यावं लागतं, ही गरज त्यांनी नेमकी ओळखली होती.

१८९७ मध्ये राजमाता एइशो यांच्या अंत्ययात्रेत आणि १९१२ मध्ये मेइजींच्या अंत्ययात्रेत काळ्याचा प्रभाव वाढत गेला, आणि पुढे हळूहळू सामान्य घरांतही पांढरा मागे पडला. म्हणजे आज प्राचीन वाटणारा शोकाचा काळा रंग तिथल्या कित्येक खेड्यांत चार-पाच पिढ्यांहून जुना नसेल. पाश्चात्त्य आणि जपानी अशी दोन वळणं एकमेकांशेजारी कशी नांदतात ते लग्नाच्या हॉलमध्ये दिसतं. वराचे वडील लांब शेपटीच्या इंग्रजी मॉर्निंग कोटात आणि त्यांच्या शेजारी आई कुरोतोमेसोदेमध्ये. दोघांचे पोशाख आपापल्या परंपरेत सर्वोच्च दर्जाचे. जपानचं नवं मंत्रिमंडळ नियुक्तीच्या समारंभानंतर पंतप्रधानांच्या कार्यालयात जिन्यावर उभं राहून जो फोटो काढतं, त्यातही पुरुष मॉर्निंग कोटात असतात.

सर्वोच्च दर्जा ठरतो कशावरून? किमोनोच्या बाबतीत त्याचं उत्तर मोजता येतं. अंगावर घराण्याची चिन्हं किती, ते पाहायचं. पाच चिन्हं, एक पाठीवर मधोमध, दोन बाह्यांच्या मागे, दोन छातीवर, म्हणजे सर्वांत मानाचा पोशाख. तीन म्हणजे एक पायरी खाली, एक म्हणजे आणखी खाली. पुरुषांचं चिन्ह सुमारे ३.८ सेंटिमीटर व्यासाचं, बायकांचं सुमारे २.१. पानं, फुलं, पक्षी, पंखे, चाकं, अशी हजारो चिन्हं आहेत. ती रंगवणारे कारागीर बांबूच्या कंपासानं काम करतात आणि बगळ्याचा पंखसुद्धा वर्तुळांच्या तुकड्यांतून उभा करतात. चिन्ह काळ्यावर पांढऱ्या रंगानं काढत नाहीत, ते कापडाचंच पांढरं असतं. थान काळं रंगवतानाच पाच गोल जागा झाकून कोऱ्या ठेवतात. असं पाच कोऱ्या गोलांचं कापड दुकानात ग्राहकाची वाट पाहतं, आणि विकलं गेलं की त्या घराचं चिन्ह त्या गोलांत भरलं जातं. भाड्यानं मिळणाऱ्या किमोनोंवर मात्र पाउलोनिया झाडाच्या पानाफुलांचं एक ठरलेलं चिन्ह असतं. ते कुणीही वापरलं तरी चालतं.

ओसाका-क्योतोच्या बाजूला याहून सुंदर एक रीत आहे. तिथे बाईचं चिन्ह आईकडून मुलीकडे जातं. लग्नानंतर घर बदललं, आडनाव बदललं, तरी तिच्या काळ्या किमोनोवर तिच्या आईचं चिन्ह राहतं, आणि पुढे ते तिच्या मुलीच्या किमोनोवर जातं. कुठल्याही कागदपत्रात नसलेली आईकडची वंशावळ पाठीवर, बाह्यांवर आणि छातीवर लिहिलेली!

आणि तो काळा, त्याची तर वेगळीच कथा. कार्यालयात घालायचा काळा सूट आणि समारंभाचा काळा सूट शेजारी ठेवले तर पहिला करडा दिसतो. काळ्यातही पायऱ्या असतात, हे तेव्हा डोळ्यांना कळतं. क्योतोचे रंगारी खोल काळा मिळवण्यासाठी रेशीम आधी लाल किंवा निळ्या रंगात बुडवत आणि मग त्यावर काळा चढवत. खालचा लाल दिसत नाही, पण त्यानं काळ्याला ऊब येते. निळा असेल तर काळा गारवा धरतो. नैसर्गिक रंगांच्या काळात सर्वांत उंची काळ्यांपैकी एक बनत असे सुपारीपासून. होय, आपली सुपारीच! कोकणातल्या वाडीत वाळत घातलेली असते ती. तिच्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की रेशमाच्या धाग्यात काळा पक्का बसतो. जपानात सुपारी दक्षिणेच्या देशांतून यायची आणि सामुराईंच्या मानाच्या पोशाखात उतरायची. मंगलकार्याचा प्रत्येक ठराव आपण जिच्यावर पक्का करतो, ती सुपारी तिथे काळा रंग होऊन अंगावर चढत होती, हे कळल्यापासून सुपारीकडे मी वेगळ्याच नजरेनं पाहतो.

आता घरगुती, मोजक्या माणसांचे अंत्यविधी वाढले आहेत, आणि लग्नाला किमोनो भाड्यानं आणणं सोपं पडतं. पाच चिन्हांचा काळा किमोनो शिवून घेणारी घरं कमी होत चालली, तसं क्योतोतल्या काळ्याच्या रंगाऱ्यांचं काम आटलं. त्यांतल्या शंभर वर्षांहून जुन्या एका रंगशाळेनं वेगळी वाट काढली. डाग पडलेले, विटलेले, कपाटात पडून राहिलेले रोजचे कपडे लोकांकडून घ्यायचे आणि समारंभाच्या त्याच खोल काळ्यात रंगवून परत द्यायचे. कॉफीचा डाग पडलेला सुती सदरा तिथून मानाच्या पोशाखाचा रंग लेवून येतो. सुती, लोकरी, रेशमी कापड रंग पितं. शिलाई पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असेल तर तेवढे टाके मात्र मूळ रंगाचेच राहतात.