गच्चीवरच्या टाकीसाठी कागदावरची तयारी

गच्चीवरील टाकीत पाणी किती आहे हे घरात बसून कळावे, हा हौशी इलेक्ट्रॉनिक्समधील वरकरणी अगदी साधा प्रकल्प असून त्याचे सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. तरीही टेबलावर बिनचूक चाललेली जुळणी गच्चीवर गेल्यावर बंद पडते, तेव्हा दोष बहुधा प्रोग्राममध्ये नसून भाग विकत घेण्यापूर्वी जो हिशेब मांडायला हवा होता, तो न मांडण्यात असतो.

पाण्यात दोन तारा सोडून त्यांच्यातून वीज वाहते का हे पाहणे सर्वांत स्वस्त पडते, परंतु सतत एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहामुळे विद्युत अपघटन, म्हणजे विजेमुळे घडणारी रासायनिक क्रिया, सुरू होऊन धन टोकाची तार झिजते आणि तिचा धातू पाण्यात उतरतो, जे पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मुळीच चालणार नाही. म्हणून पुष्कळजण अल्ट्रासॉनिक सेन्सर निवडतात. तो माणसाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्याकडे सोडतो आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. मात्र त्याच्या जलरोधक प्रकारांत पहिले सुमारे 20 ते 25 सेंटिमीटर अंतर मोजलेच जात नाही, कारण सोडलेल्या ध्वनीची थरथर शमण्याआधीच प्रतिध्वनी येऊन पोहोचतो. टाकी काठोकाठ भरत आली की नेमकी हीच अडचण येते, आणि त्यामुळे सेन्सरची बैठक किती उंच ठेवायची हे आधीच ठरवावे लागते.

खरी कसोटी विजेची. वायफाय असलेला ईएसपी-32 हा नियंत्रक जागा असताना सरासरी 120 मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर 2000 मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी 17 तासही पुरत नाही. तोच दर दहा मिनिटांनी चार सेकंद जागवून एरवी गाढ झोपेत ठेवला, तर सरासरी प्रवाह 0.8 मिलिअँपिअरवर येतो आणि कागदावर तीच बॅटरी 100 दिवसांहून अधिक चालते. येथेच नवशिक्यांची फसगत होते, कारण झोपेतील चिपला जेमतेम 10 मायक्रोअँपिअर लागत असले, तरी बाजारातील तयार बोर्डावरचा सतत जळणारा दिवा, यूएसबीची चिप आणि दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर मिळून काही मिलिअँपिअर खात राहतात. हा खर्च पाच मिलिअँपिअर धरला, तर तीन महिन्यांचा हिशेब दोन आठवड्यांवर घसरतो. म्हणूनच नुसत्या चिपच्या माहितीपत्रकावर विसंबू नये, तर प्रत्यक्ष वापरायच्या बोर्डाचा झोपेतील प्रवाह मल्टिमीटरने मोजावा.

यानंतर पंपही आपोआप चालू-बंद करण्याचा मोह होतो, पण पहिल्या प्रकल्पात तो आवरलेलाच बरा. रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, पाच व्होल्टच्या लहान कॉइललाही साधारण 70 मिलिअँपिअर लागतात आणि नियंत्रकाची पिन तेवढा प्रवाह देऊ शकत नाही, त्यामुळे मध्ये ट्रान्झिस्टर घालावा लागतो; शिवाय कॉइल बंद होताना उसळणारा उलटा दाब मुरवण्यासाठी तिच्यावर डायोड उलटा जोडावा लागतो. त्यातच पंप सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असल्याने रिलेवर छापलेला 10 अँपिअरचा आकडा मोटारीला लागू पडत नाही, आणि 230 व्होल्टची ही जोडणी कॉन्टॅक्टरसह, म्हणजे मोटारीसाठीच्या दणकट रिलेसह, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.