घरगुती पोकर आणि शक्यतेचे गणित

पोकर म्हणताच कॅसिनो डोळ्यांपुढे येतो. घरगुती स्पर्धेचे स्वरूप मात्र निराळे. आठ परिचित मंडळी, प्रत्येकाला 1500 गुणांच्या सारख्या चिप्स आणि पणाला फार तर संध्याकाळची कचोरी. चिप्स संपल्या की खेळाडू बाद. (बाद झालेल्याने चहा करावा, हा संकेत नियमपुस्तकात नसला तरी सर्वमान्य आहे.)

स्पर्धा एका दुपारीत आटोपते ती ‘ब्लाइंड’मुळे. प्रत्येक डावात दोघांना पाने पाहण्यापूर्वीच ठरावीक चिप्स मांडाव्या लागतात. आरंभीचे 10 व 20 हे आकडे दर वीस मिनिटांनी दुप्पट केले, तर दोन तासांनी मोठा ब्लाइंड 1280 होतो. सर्वांच्या मिळून चिप्स 12,000च! मग अतिसावध गडीही नाइलाजाने मैदानात उतरतो.

खरी गोडी निर्णयात आहे. समजा, हातातील दोन व पटावरील तीन पानांत मिळून चार बदाम आले. न दिसलेल्या 47 पानांत नऊ बदाम उरतात. पुढील दोन पानांत एक तरी येण्याची शक्यता सुमारे 35 टक्के. बदाम आल्यास डाव आपला असेल आणि शेवटच्या चिप्स लावताना पटावर त्यांच्या दुपटीहून अधिक साठले असेल, तर खेळणेच योग्य. मग हरलो तरी.

महिन्याच्या आतील बाळाला ताप आला की ते टवटवीत दिसले तरी आम्ही दाखल करून रक्त, लघवी, पाठीतील पाणी तपासतो. बहुतेकांत गंभीर जंतुसंसर्ग निघत नाही. “मग सुया कशाला टोचल्या?” असे पालक विचारतात, तेव्हा हेच गणित, पत्त्यांचा उल्लेख टाळून, समजावावे लागते.