आधी क्रम, मग माईक

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, यंदा कुठल्या फडात कोणतं वगनाट्य आहे याची चौकशी करतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. जुन्नर-आंबेगावातली बरीच तरुण मुलं हल्ली पॉडकास्ट करायचं म्हणतात आणि भाग कसा बांधायचा हे यूट्यूबवर शोधतात. त्याचं उत्तम शिक्षण त्यांच्या शेजारीच आहे, असं मला मनापासून वाटतं.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ सालचा. पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी ‘द गार्डियन’मधल्या एका लेखात तो सुचवला. अडचण मात्र जुनीच आहे. ऐकणारा भांडी घासतोय, ट्रॅक्टर चालवतोय, एसटीत बसलाय. कंटाळला की क्षणात निघून जाणार. तमाशाच्या फडापुढेही असाच मोकळा प्रेक्षक असतो. त्याला धरून ठेवतो तो गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम.

एक भाग घेऊन बघू. विषय बिबट्याचा, कारण जुन्नरमध्ये त्याच्यावर बोलायला कोणीही तयार असतं. पण नुसता ‘बिबट्या’ हा भागाचा विषय होत नाही. त्यात ऊस येतो, वनखातं येतं, भरपाई येते, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र येतं आणि चाळीस मिनिटं बोलूनही हाती काही लागत नाही. ‘पिंजरा लावून बिबट्या दूर नेऊन सोडला, की त्रास कमी होतो का?’ हा झाला विषय. एका भागाला एकच प्रश्न. तो एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर रेकॉर्डिंगची घाई करू नये.

तमाशात पहिला शब्द उच्चारण्याआधी ढोलकी आणि हलगी बोलते. तसे आपल्या भागातही पहिले दहा सेकंद आवाजाचे असू द्यावेत: उसाच्या पाचटाची सळसळ, लांबून कुत्र्यांचं भुंकणं. मग गण. तमाशात तिथे गणेशाला वंदन असतं, आपल्या भागात आपण कोण आणि आजचा प्रश्न कोणता ते सांगावं. एक मिनिट पुरे. नवखी मुलं इथेच चार-पाच मिनिटं स्वागतात आणि आभारात घालवतात.

गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात, दाण मागतात आणि गवळणींची मावशी हात नाचवत त्यांच्याशी भांडते. देवाची गोष्ट बाजाराच्या वाटेवर येते आणि प्रेक्षकाला ती घरची वाटते. आपल्या भागात ही जागा शेतकऱ्याची. शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रात्रीच जावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. त्याला मत विचारू नये. ‘काल रात्री घरातून निघाल्यापासून काय काय झालं?’ एवढंच विचारावं.

बतावणीतला सोंगाड्या न कळल्याचं सोंग घेतो, म्हणून प्रेक्षकाच्या मनातली शंका त्याच्या तोंडून बाहेर पडते. दोन निवेदक असतील तर एकाने हे काम घ्यावं. ‘बिबट्या जंगल सोडून उसात का राहतो?’ असं त्याने विचारावं, म्हणजे दाट आडोसा, पाणी, कुत्री-शेळ्या आणि उसातच वाढणारी पिल्लं हे सगळं गप्पांतून येतं.

आणि मग वग. गाठ इथे बसली पाहिजे. बिबटा पिंजऱ्यात सापडतो, गाव सुटकेचा श्वास टाकतं, गाडी त्याला दूर नेते. इथवर ऐकणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. आता विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणावा. जुन्नर वन विभागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले, आणि सोडलेल्या जागांजवळ ते जास्त झाले. हाच आकडा सुरुवातीला सांगितला असता तर ती बातमी झाली असती. इथे तो गोष्ट उलटवतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती वगाची जुनी रीत. पूर्वी वगाला लिखित संहिता नसे. फडाचा प्रमुख, म्हणजे सरदार, कथानक सांगायचा, कोणी कधी यायचं, कधी जायचं हे ठरायचं आणि संवाद मात्र बोर्डावर उभं राहिल्यावर सुचायचे. मुलाखतीचंही तसंच करावं. वीस प्रश्न शब्दशः लिहून वाचले की समोरचा माणूस शाळेत उत्तरं द्यावीत तसा बोलतो. कागदावर पाच-सहा वळणं आणि भाग कुठे संपणार ते लिहावं. वाक्यं मोकळी सोडावीत.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फोन विमान मोडवर, माईक तोंडापासून वीतभर. शेवटी तीस सेकंद कोणीही न बोलता त्या जागेची शांतता टिपावी. कापाकापीत सांधे बुजवायला ती लागते. नारायणगावाजवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातले क्षीण रेडिओ संकेत टिपतात. ती जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणं बघितलं होतं. आपणही घरातली त्यातल्या त्यात शांत खोली निवडावी. गोधड्या टांगल्या की तिथला घुमारा बराच कमी होतो.

माझी मुलांना विनंती आहे, की पहिली मालिका फडातल्या म्हाताऱ्या कलावंतांवर करा. बिनसंहितेचे वग ज्यांनी उभे केले, ते आता थोडे उरलेत. येत्या पाडव्याला राहुट्या लागतील तेव्हा माईक घेऊन जा.